बंदूक होती, काडतूस कुठून आणायचं?

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एकांकिका बघायला किंवा करायला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकालाही त्यांचंच नाव आहे. नाव इतकं सवयीचं झालंय की माणूस मागे पडलाय. फडके कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'आद्य क्रांतिकारक' या दोन शब्दांवर संपतं. फार तर शाळेच्या पुस्तकातलं दाढीवालं चित्र आठवतं.

त्यांच्या बंडाबद्दल एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. या माणसाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं ते १८७९ मध्ये. त्या वर्षी हत्यार म्हणजे नेमकं काय होतं? ते कुठे मिळायचं, आणि मिळालं तरी त्यात घालायची गोळी कोण बनवायचं? हा प्रश्न तांत्रिक वाटेल, पण त्या बंडाचं काय झालं याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

खाडीच्या वरच्या अंगाला

दिवाळे गावच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर पनवेलची खाडी दिसते. आज तिथून कोळ्यांच्या होड्या मासेमारीला जातात. रेल्वे बोरघाट चढण्याआधीच्या काळात मुंबईहून पुण्याला जाणारा माल आणि माणसं याच खाडीने गलबतातून पनवेल बंदराला उतरायची आणि तिथून घाटाच्या रस्त्याला लागायची. त्या पनवेलच्या पुढे, पळस्पे फाटा ओलांडून गोवा हायवेवर शिरढोण लागतं. कर्नाळ्याला ट्रेकला गेला असाल तर या गावावरून गेलाच आहात. दिवाळ्यापासून हे सगळं वीस-बावीस किलोमीटरच्या आत येतं.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव या शिरढोणमध्ये जन्मले. घरासमोर कर्नाळ्याचा सुळका. त्यांचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली, कर्नाळा इंग्रजांनी घेतला आणि किल्लेदारी गेली. म्हणजे ज्या घरात हा मुलगा वाढला, तिथे हरलेल्या लढाईची आठवण अजून ताजी होती. आजोबा नातवाला किल्ल्याच्या गोष्टी सांगत. मुलगा अभ्यासात रमण्यापेक्षा कुस्ती, घोडेस्वारी आणि रानात भटकणं यात जास्त रमायचा.

पण घर चालवायचं तर नोकरी हवी, आणि नोकरी हवी तर इंग्रजी हवं. ते शिकून वासुदेव आधी रेल्वेत आणि मग लष्कराच्या पुरवठा आणि हिशेब खात्यात कारकून म्हणून लागले. १८६५ मध्ये बदली होऊन ते पुण्याला आले. पुढची जवळपास पंधरा वर्षं हा माणूस इंग्रजांच्या फौजेचा हिशेब लिहीत होता.

लष्कराच्या खतावण्या

फडक्यांच्या आयुष्यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग याच नोकरीतला. शिरढोणला आई आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. साहेबाने ती वेळेवर दिली नाही. ते तसेच निघाले, पण पोचेपर्यंत आई गेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. या अपमानाने ते पेटले असं आपण वाचतो, आणि ते खरंच आहे. पण फक्त एका रजेच्या अर्जावरून कुणी साम्राज्याशी भांडण मांडत नाही. त्याच काळात ते पुण्यात महादेव गोविंद रानड्यांची व्याख्यानं ऐकत होते. देशातला पैसा बाहेर कसा जातो आणि इथले धंदे का बुडाले, हे रानडे आकड्यांनी समजावून सांगत. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ते आकडे नीट कळत होते.

फडक्यांनी एका वेळी बऱ्याच गोष्टी सुरू केल्या. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत शाळा काढली. स्वदेशी वापरायची शपथ घेतली. दुसरी पत्नी गोपिकाबाई यांना लिहायला-वाचायला शिकवलं, तेही बायकोने पुस्तक हातात धरणं लोकांना खपत नव्हतं अशा काळात. आणि लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जाऊन दांडपट्टा, तलवार आणि निशाणबाजीचे धडे घेतले. पुण्यातल्या कितीतरी जाती-जमातींच्या तरुणांना लहुजींनी हत्यार धरायला शिकवलं होतं.

आता याच पुण्याचं एक वेगळं चित्र डोळ्यांसमोर आणा. फडके ज्या लष्कराचा हिशेब ठेवत होते, त्याच लष्कराने १८६९ मध्ये शहराला लागून असलेल्या खडकीत काडतुसांचा कारखाना सुरू केला. तो आजही तिथे आहे. एकीकडे लहुजींची तालीम, दुसरीकडे खडकीची भट्टी. बंडाचा सगळा पेच या दोन ठिकाणांमधल्या काही किलोमीटरमध्ये होता.

ठासणीची बंदूक आणि टोपी

फडक्यांच्या आजोबांच्या काळातली बंदूक ठासणीची. म्हणजे काय करायचं? नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, मग शिशाची गोळी टाकायची, गजाने ठासायची. मागे कानाजवळ ठिणगी द्यायची, पेटत्या तोड्याने किंवा गारगोटीने. काम किचकट होतं, आणि मिनिटाला दोन-तीन बार काढणारा माणूस तयार समजला जाई. पण या बंदुकीचा एक गुण होता. ती जवळपास काहीही खायची. दारू गावात बनायची, कारण गंधक, सोरा आणि कोळसा मिळायचा. गोळी चुलीवर शिसं वितळवून ओतता यायची. नळीपेक्षा गोळी जरा लहान झाली तर कापडाच्या चिंधीत गुंडाळून ठासली की काम भागायचं. थोडक्यात, बंदूक एकदा हातात आली की ती तुमची झाली. पुढे कुणाच्या दारात जायला लागत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे बदललं. आधी आली टोपी. तांब्याची इवलीशी टोपी, आत पाऱ्यापासून केलेल्या स्फोटक रसायनाचा ठिपका. ती बंदुकीच्या कानावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की बार उडायचा. पावसातही बंदूक चालायला लागली. पण ही टोपी गावच्या लोहाराला जमणारी नव्हती. त्या रसायनाशी खेळताना हात उडायचे. इथे पहिल्यांदा बंदुकीची दोरी कारखान्याच्या हातात गेली.

मग आलं काडतूस. १८५७ ची एनफिल्ड रायफल आणि तिच्या चरबीच्या कागदी काडतुसाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती रायफल अजून ठासणीचीच होती, नळी ०.५७७ इंचाची. १८६६ मध्ये इंग्रजांनी तिच्यावर एक शक्कल लढवली. जेकब स्नायडर नावाच्या माणसाच्या युक्तीने त्याच रायफलचा मागचा भाग कापला आणि तिथे उघडणारं झाकण बसवलं. आता गोळी, दारू आणि टोपी हे तिन्ही एकाच पितळी काडतुसात. मागून घालायचं, झाकण लावायचं, चाप ओढायचा. मिनिटाला दहाच्या आसपास बार.

मजा बघा. नळी तीच, ०.५७७ इंचाची. पण स्नायडरचं काडतूस जुन्या एनफिल्डमध्ये चालत नाही. आणि लगेच १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिचं काडतूस बुडाशी जाड आणि मानेशी बारीक, गोळी ०.४५० इंचाची. त्यात स्नायडरचं काडतूस जाणार नाही आणि स्नायडरमध्ये हिचं चालणार नाही. अवघ्या अठरा वर्षांत एकाच फौजेत तीन पिढ्यांच्या बंदुका आल्या, आणि एकीची गोळी दुसरीला लागू पडेना. घरात तीन फोन आणि तिघांच्या चार्जरची पिन वेगळी असली की काय होतं ते आठवा. इथे फरक इतकाच की चार्जर मिळाला नाही तर जीव जायचा.

इंग्रजांनी या विजोडपणाचा धोरण म्हणूनही वापर केला. १८५७ नंतर हिंदी शिपायांना गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची, असं ठरलं. आधी तर त्यांना आतून गुळगुळीत नळीच्या, लांबवर नेम न धरणाऱ्या बंदुका दिल्या. गोऱ्यांकडे मार्टिनी आल्यावर हिंदी पलटणींकडे स्नायडर. शिपाई पुन्हा फिरले, तरी त्यांच्या हातातली बंदूक सोल्जरच्या बंदुकीपुढे कमीच पडावी.

साहेबाच्या कमरेचं रिव्हॉल्वर

रिव्हॉल्वरची तऱ्हा तर याहून विचित्र. त्या काळात गोरे अधिकारी कमरेचं हत्यार स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचे. कुणाकडे अमेरिकेतल्या कोल्टचं, कुणाकडे इंग्लंडच्या अॅडम्सचं. प्रत्येकाचं माप वेगळं.

मापाची भाषाही गमतीची. 'बारा बोर' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी होईल, तेवढी ती नळी. अॅडम्सचं एक प्रसिद्ध रिव्हॉल्वर चोपन्न बोरचं होतं, म्हणजे पौंडाला चोपन्न गोळ्या, नळी साधारण ०.४४ इंच. सुरुवातीच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडरच्या पाच-सहा घरांत पुढून दारू आणि गोळी भरायची आणि मागे प्रत्येक घराला एक टोपी बसवायची. टोपी सैल बसली तर पडायची, घट्ट बसली तर सिलिंडर अडकायचा. नीट भरलं नाही तर एका घराची आग शेजारच्या घरात शिरायची आणि दोन-तीन बार एकदम उडायचे.

१८६८ मध्ये ब्रिटिश सैन्याने अॅडम्सची ही जुनी टोपीवाली रिव्हॉल्वर्स फेकून न देता त्यांना नवा सिलिंडर बसवला आणि ०.४५० इंचाच्या पितळी काडतुसावर आणलं. १८८० मध्ये ०.४७६ चं एनफिल्ड रिव्हॉल्वर आलं, १८८७ मध्ये ०.४५५ चं वेब्ली. इथे मात्र त्यांनी शहाणपणा दाखवला. मोठ्या मापाच्या रिव्हॉल्वरमध्ये मागचं लहान काडतूस चालावं अशी सोय ठेवली. ०.४७६ मध्ये जुनं ०.४५० चालायचं. उलटं नाही. गोदामात पडलेला जुना साठा वाया जाऊ नये, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

पण चालतं म्हणजे चांगलं चालतंच असं नाही. काडतूस घरात सैल बसलं तर ते फुगून चिरतं आणि त्याचा वायू निसटतो. गोळी नळीच्या मापाची नसेल तर तिच्या बाजूनेही दाब निघून जातो. मग गोळी लटकी जाते, नेम चुकतो. काडतुसाची मागची कड नीट टेकली नाही तर घोडा आपटतो पण बार होत नाही. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे माप जुळतं, पण आतली दारू जुळत नाही. जुनी रिव्हॉल्वर्स काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली होती. १८९० च्या आसपास बिनधुराची, जास्त जोराची दारू आली. ती जुन्या लोखंडात भरली की सिलिंडर फुटून ते धरणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकतो.

शिवाय नाव एक आणि माप भलतंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने एकाच नमुन्याची 'अडतीस'ची रिव्हॉल्वर्स दोन तऱ्हांनी बनवली. ब्रिटिशांसाठी वेगळी, अमेरिकी फौजेसाठी वेगळी. दोन्ही अडतीसची, पण एकीचं काडतूस आखूड आणि किंचित जाड, दुसरीचं लांब आणि बारीक. अंगावर कोरलेल्या आकड्यावर विसंबून कुणी कुठलंही काडतूस कुठेही घातलं तर काय होईल याची खात्री नाही. जुन्या हत्याराची जाण असणारा माणूस आकडा वाचून थांबत नाही, तो प्रत्यक्ष माप घेतो.

कायद्याने पकडलेली नस

आता पुन्हा फडक्यांकडे येऊ. १८७६ ते १८७८ दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटनने दिल्लीत दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं. इकडे फडके वेष पालटून दुष्काळी भागात हिंडत होते. तिथे त्यांनी काय बघितलं असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

याच लिटनने १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी शस्त्रांचा कायदाही आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. गोऱ्यांना यातून सूट. हे आपण इतिहासात शिकतो. पण या कायद्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीच्या टोप्या, दारूगोळ्याचे सगळे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं येत होती. शिसं, गंधक आणि सोरा मात्र त्या व्याख्येतून वगळले होते. गरज पडेल त्या भागात त्यांच्यावरही बंदी घालायची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली होती, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे काय झालं? शिसं आणि सोरा सगळीकडे होता, त्यावर नजर ठेवणं कठीण होतं. टोपी आणि काडतूस कारखान्यातूनच येणार होतं, म्हणून तिथे दार लावलं. नव्या बंदुकीची मान नेमकी कुठे आहे हे कायदा लिहिणाऱ्याला नीट कळलं होतं.

बंड

हा कायदा होऊन वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा फेब्रुवारी १८७९ मध्ये फडक्यांनी पुणं सोडलं. सुशिक्षितांनी साथ दिली नव्हती, म्हणून ते रामोशी, कोळी, मांग आणि धनगर यांच्याकडे गेले. दौलतराव नाईक हा त्यांचा खंदा साथीदार. २३ फेब्रुवारीला त्यांनी शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा घातला. पुढे वाल्हे आणि आजूबाजूची गावं. सावकारांच्या घरातून पैसा काढायचा, त्यातून माणसं आणि हत्यारं उभी करायची, सरकारी खजिने आणि दळणवळण तोडायचं, अशी त्यांची योजना होती.

टोळीकडे मुख्यतः तलवारी, भाले, काठ्या आणि थोड्याफार बंदुका होत्या. समोर पोलीस आणि काडतुसाच्या बंदुका असलेली फौज. हिशेब खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला या दोन बाजूंमधला फरक कळत नसेल असं कसं म्हणता येईल? फौज पोटावर आणि पुरवठ्यावर चालते, हे त्यांनी पंधरा वर्षं वह्यांमध्ये लिहिलं होतं. म्हणून तर त्यांना सगळ्यात आधी पैसा हवा होता. पण टोळीतल्या अनेकांना लूट वाटून घेऊन घरी जायचं होतं. दुष्काळात पोटाला चिमटा बसलेल्या माणसांना त्याबद्दल दोष तरी कसा द्यायचा? फडके यावरून खचले. सगळं सोडून श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे जीव द्यायचा विचारही त्यांच्या मनात होता. तिथेच त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. मग सावरले आणि पगारी रोहिले आणि अरब जमवायच्या मागे लागले. म्हणजे पुन्हा पैसा आणि पुन्हा हत्यार.

इकडे दौलतरावांनी मे महिन्यात कोकणात उतरून पळस्पे आणि चिखलीवर छापे घातले. हो, तेच पळस्पे, शिरढोणच्या अलीकडचं. लूट मोठी मिळाली. पण ती घेऊन घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि चकमकीत दौलतराव मारले गेले. फडक्यांचा उजवा हात गेला. त्याच आठवड्यात, १३ मे रोजी, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली आणि संशय आधी फडक्यांवर गेला. सरकारने त्यांच्या नावाने इनाम लावलं होतं. फडक्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम जाहीर करून टाकलं. लंडनच्या वर्तमानपत्रांना या कारकुनाची दखल घ्यावी लागली.

पुढे ते निजामाच्या मुलखात शिरले. डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक मागावर होते. २० जुलै १८७९ रोजी कलादगीजवळ देवर नावदगी इथे तापाने फणफणलेले फडके झोपेत असताना पकडले गेले. एकही गोळी झाडली न जाता बंड संपलं.

एडन

खटला पुण्यात चालला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. त्या वातावरणात हे वकीलपत्र घेणं हीसुद्धा हिंमत होती. फडक्यांची डायरी आणि आत्मचरित्र सरकारच्या हाती लागलं होतं. त्यांनी स्वतःच लिहिलेला हिशेब त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. सुटकेचा प्रयत्न होईल या धास्तीने सरकारने त्यांना देशात ठेवलं नाही, समुद्रापलीकडे एडनच्या तुरुंगात नेलं.

तिथूनही हा माणूस पळाला. कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून काढलं आणि निघाला. ना नकाशा, ना ओळखीचा माणूस, ना हत्यार. थोड्याच वेळात पुन्हा पकडला गेला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं सदतीस.

पुढच्यांनी काय धडा घेतला

धडा दोन्ही बाजूंनी घेतला. तीस वर्षांनी, १९०९ मध्ये, सावरकरांनी लंडनहून ब्राउनिंगची वीस पिस्तुलं मुंबईला धाडली. एकाच बनावटीची, आणि सोबत त्यांची काडतुसं. विजोड हत्यारं गोळा करत बसायचं नाही, एकसारखी आणायची आणि त्यांचं खाद्य बरोबर आणायचं. त्यातल्याच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पण एकसारखेपणाला दुसरी बाजू असते. कारखान्यात बनलेल्या हत्याराला कारखान्यापर्यंत माग असतो. तपास लंडनपर्यंत गेला आणि सावरकरांना अटक झाली. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. कान्हेरे तेव्हा तुमच्याच वयाचे होते.

सरकारनेही जुळणीचा विचार सोडला नव्हता. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ०.४५० इंचाच्या खासगी रायफली आणि काडतुसं आणायला बंदी झाली. कारण? जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती पोचल्या होत्या आणि शिकाऱ्यांसाठी आणलेला माल त्यांना लागू पडेल अशी भीती होती. मग इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी वाघ-हत्ती मारायला येणाऱ्या साहेबांसाठी ०.४६५ आणि ०.४७० अशी नवीनच मापं काढली. केसाएवढा फरक, पण तेवढ्या फरकाने काडतूस परक्या बंदुकीत जात नाही.

हा विचार आजही चालू आहे. भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्वर मुख्यतः बत्तीस बोरचं असतं. ते कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनतं. पोलिसांचं अडतीस आणि नऊ मिलिमीटर त्याला मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या परवान्यावर हत्याराबरोबर काडतुसांची संख्याही लिहिलेली असते. एखाद्या घरात आजोबांच्या काळातलं वेब्ली असेल, तर त्याच्या मालकाला विचारा. हत्यार ठणठणीत असतं, परवानाही असतो. काडतूस शोधताना पायाला भिंगरी लागते.

फडक्यांच्या बंडाला आपण अनेकदा वेडं धाडस म्हणून बाजूला ठेवतो. धाडस होतंच. पण ते अशा नेमक्या वर्षांत झालं, जेव्हा आजोबांची ठासणीची बंदूक निकामी होत चालली होती आणि नातवाच्या काळातली काडतुसाची बंदूक फक्त सरकारच्या कारखान्यावर जगत होती. कर्नाळ्याच्या किल्लेदाराला जे हत्यार पुरलं असतं, ते त्याच्या नातवाला पुरलं नाही. हत्यार आपल्या हातात आहे असं वाटत असताना त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असणं म्हणजे काय, हे १८७९ मध्ये कळलं. आज ड्रोन, चिप आणि सॉफ्टवेअर बाहेरून घेताना हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो.

फडक्यांनी उभ्या केलेल्या गोष्टींपैकी जी टिकली, तिला बाहेरून काही भरायला लागत नव्हतं. भावे, इंदापूरकर आणि त्यांनी मिळून सुरू केलेली ती शाळा वाढत वाढत आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाते. पुण्याचं गरवारे कॉलेज तिचंच. दर जूनमध्ये तिथे नवी मुलं-मुली प्रवेश घेतात, आणि त्यातल्या किती जणांना माहीत असतं की आपल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक जण कोठडीचं दार उखडून पळाला होता?